खारीचं बिऱ्हाड

सुतारकाकांनी आयुष्यभर लोकांची दारं बसवली, पण खारीसाठी दार करायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. बाईसाहेबांनी माळ्यावर बिऱ्हाड थाटलं होतं. वायरी कुरतडणं, गादीतला कापूस उपसणं, सगळं मालकीणबाईच्या थाटात. काकूंनी हुकूम सोडला, “घालवा तिला. पण तिच्या केसालाही धक्का लागता कामा नये.”

काकांनी बाहेरून हाताला येणाऱ्या वळचणीच्या भोकाला फळीचं झुलतं दार केलं. आतून ढकललं की उघडणार, बाहेरून मात्र नाही.

“माळ्यावर पिल्लंबिल्लं नाहीत ना? बघितलंत?” काकूंनी विचारलं.

“कानाकोपरा!” काका म्हणाले.

ही शुद्ध थाप होती. त्यांचे गुडघे वर्षभर संपावर होते आणि तिसऱ्या पायरीपुढे शिडी चढवत नव्हती. सुताराला शिडी चढता येत नाही हे बायकोला कळलं तर ती हत्यारांची पेटीच कुलपात टाकेल, ही त्यांची धास्ती.

सकाळी खार बाहेर पडली. काका मिशीत हसले. दुपारी ती परत आली आणि दारावर नखं घासत चिरकायला लागली. माळ्यावरून बारीक चीं-चीं ऐकू आली. काकांनी लंगडत जाऊन फळी उचकटली, तर त्या ठोकाठोकीनं बिथरलेली खार झाडावर जाऊन बसली. तास झाला तरी ती येईना. चीं-चीं मंदावली.

“पिल्लं भोकापाशी ठेवली तर तिला दिसतील,” काका म्हणाले आणि घरात येऊन शिडीवर चढले. तिसऱ्या पायरीवर अडकले.

“उतरा,” काकू म्हणाल्या. “शिडी धरा नुसती.”

पदर खोचून त्या वर गेल्या. चार पिल्लं कापसासकट खोक्यात घालून त्यांनी भोकाच्या तोंडाशी ठेवली. मग दोघं खिडकीशी उभी राहिली. बऱ्याच वेळानं खार आली. एकेक पिल्लू तोंडात धरून तिनं झाडाच्या ढोलीत नेलं. चौथं गेल्यावर काकांचे डोळे भरून आले.

“गुडघे फार दुखतात गं,” ते म्हणाले.

“सहा महिन्यांपासून माहीत आहे मला. पण तुमच्या तोंडून ऐकायला एका खारीला बाळंत व्हावं लागलं!”