नमनातली माफी

इस्तारीनं चपला दारातच झटकल्या आणि हातातली पिशवी नूतनपुढं ठेवली. पिशवीत शिंगाडे होते. भांडायला येतानाही हा माणूस रिकाम्या हातानं यायचा नाही, हे नूतनला लहानपणापासून ठाऊक होतं.

“माह्यावर केस करून राह्यली म्हंते तू?”

“बसा काका.”

“बसतो मंग. पयले सांग.”

ओसरीवर भिंतीला टेकून शेफाली बसली होती. मुलचेऱ्याच्या बाजारात मासोळी विकणारी, जवळच्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीतली बाई. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. इस्तारीनं तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे काय, मान त्या बाजूला वळूच दिली नाही.

इस्तारी तलावावर जाळं टाकणारा ढिवर. पण दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, तिथल्या नाटकात विनोदी पार्ट करावा तर त्यानंच, असं पंचक्रोशी म्हणायची. तो नुसता पडद्यातून डोकावला तरी मंडप खदखदायचा. नूतनचा बाप गुलाबभाऊ त्याचा जिवाचा दोस्त. दोघांची घरं एका भिंतीची नव्हती, मोहल्लेही वेगळे, पण गुलाबभाऊच्या या लेकीनं पहिलं नाटक बघितलं ते इस्तारीच्या खांद्यावर बसून. पुढं ती नागपूरला वकिली शिकली, गडचिरोलीच्या कोर्टात उभी राहू लागली, तेव्हा पेढे वाटत बापापेक्षा हाच जास्त फिरला.

यंदाच्या मंडईत त्यानं बंगाली मासेवाल्याचं सोंग घेतलं आणि पदरची चार वाक्यं घातली. बंगाली लोक बाजारात भाव पाडतात, हा राग होताच पोटात. मंडप असा हसला की वन्स मोर घ्यावा लागला. आठवड्याच्या बाजारात मात्र पोरांनी तीच वाक्यं ओरडत बंगाली बायांची टोपली उलथवली. शेफाली आडवी गेली, आणि तिचा हात मोडला.

“टोपले मी सांडवले का?” इस्तारीनं विचारलं.

“नाही. ज्यांनी सांडवले त्यांची नावं लिहिलीत. पण ओरडत होते ते शब्द तुमचे.”

“अवं, सोंग होतं ते! अन् नमनालेच हात जोडून माफी मांगतली न मी. दरसाल मांगतो.”

ती तिकडची रीतच. पडदा उघडायच्या आधी विनोदी पार्टवाल्यानं पुढं यावं, मायबापहो, आज जे बोलंन ते पोटात घाला म्हणावं. मग त्यानं सरपंचाची टर उडवावी, सासूची उडवावी, उद्या कोणी राग धरायचा नाही. इस्तारीला वाटायचं, एकदा माफी मागितली की रात्रभराचं सगळं तिच्यात मावतं.

“माफी मागितली तेव्हा या बाया होत्या मंडपात?” नूतननं विचारलं.

“त्या काऊन येतीन? त्यायले कोणी...”

इस्तारी थांबला. इतकी वर्षं माफी मागत आला, पण समोर कोण बसलंय आणि कोण नाही हे मोजायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“एखाद्याची भाषा, जन्मगाव यावरून लोकांच्या मनात वैर पेटवणं गुन्हा आहे, काका. कलम एकशे त्रेपन्न-अ. आपल्या देशाचा कायदा तर आहेच, जगातल्या देशांनीही एकत्र बसून करार केलाय याच्यावर. भारताची सही आहे.”

“जगातल्या देशायले आपल्या मंडईचं नाटक मालूम आहे?”

नूतनला हसू फुटलं. या माणसावर नीट रागावताही येत नाही, याचाच तिला जास्त राग आला. तक्रार सकाळीच लिहून व्हायला हवी होती. पण त्याच्या नावापाशी येऊन तिचा हात अडला होता. नाव लिहिलं तर पोलीस त्याला नेतील, नाटकाचं मंडळ त्याला पुन्हा रंगमंचावर चढू देणार नाही, आणि नाटकाशिवाय इस्तारीकाका म्हणजे काय उरणार? नाही लिहिलं तर समोरच्या बाईला तोंड कसं दाखवायचं?

“शब्द जसेच्या तसे लागतात,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगा. त्यात तसं काही नसलं तर तुमचं नाव घेत नाही.”

इस्तारीचा चेहरा उजळला. हे तर त्याचंच काम. तो उठला, खांद्यावरचा दुपट्टा कमरेला गुंडाळला, मान वाकडी केली आणि सोंगाचा चिरका आवाज लावला. पहिल्या दोन शब्दांनाच नूतनचे ओठ हसायला हलले.

“असं नाही काका,” ती घाईनं म्हणाली. “मला लिहून घ्यायचंय. बसून सांगा. तुमच्या आवाजात.”

तो बसला.

“तलावात जलकुंभी घुसली का मासोळी मरते.”

नूतननं लिहिलं.

“बंगाली बी तसेच.”

तिनं तेही लिहिलं.

“उपटा, न काठावर फेका...”

हा त्याचा घरचा आवाज होता. याच आवाजात तो नातवंडांना जेवायला हाक मारायचा, सोयरीक जुळवायचा. त्या आवाजात ही वाक्यं त्याला सोंगाची वाटेनात.

“पुढं?”

“विसरलो.”

त्याला नक्कल विसरताना आजवर कोणी बघितलं नव्हतं.

“वाळले का काडी लावा,” भिंतीकडून शेफाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आमची नात म्हणते घरी. बाहुली घेऊन बसते न म्हणते. तिला गाणं वाटते. लई हसते.”

इस्तारीनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. सवयीनं त्याचे हात जोडले गेले, आणि तसेच मांडीवर उतरले. मग तो नूतनकडं वळला.

“लिव बेटा. माह्यं नाव लिव. बापाच्या नावासकट लिव.”

नूतननं पेन टेकवलं. नाव लिहिता लिहिता तिला रडू आवरेना. आणि इस्तारी लहानपणी तिची समजूत घालायचा, तशी घालत बसला.

“रडून काऊन राह्यली वं? बराबर लिवून राह्यली तू. लिव न.”