ठोशाचा आवाज

ह्येरानने पातीच्या जाड कांद्याची जुडी कानाजवळ धरली, त्यातला एक दांडा दोन्ही हातांनी हळूच पिळला आणि डोळे मिटून ऐकले. मग मान हलवून तिने ती जुडी जागेवर ठेवली व दुसरी उचलली. बाजार नुकताच उघडत होता. कोबीचे ट्रक रिकामे होत होते, आणि मोक्पोवाली मावशी रबरी हातमोजे चढवत तिच्याकडे बघत होती.

"अगं, लोक भाजीचा वास घेतात. तू तिला गुपितं विचारतेस."

"कालचा कांदा शिळा होता, मावशी. पिळला तर नुसता कुजबुजतो."

"कुजबुजेना का. शिजवायचाय की त्याच्याकडून गाणं म्हणून घ्यायचंय?"

"मोडायचाय."

मावशी हसली. ह्येरानचे काम तिला ठाऊक होते. बुचॉनमधल्या एका तळघरातल्या स्टुडिओत ती संगणकावरच्या खेळांसाठी आवाज करीत असे. कांद्याचा दांडा मोडला की पडद्यावर कोणाचा तरी हात मोडे. ओल्या चामड्यावर मुठी आपटल्या की कोणी तरी जमिनीवर कोसळे. तिचा मुलगा जेहा बालवाडीत होता तेव्हापासून ती हेच करीत आली होती.

"आज काय मोडणार?"

"बरगड्या."

"मग वाळका पोलॅक मासा ने. दांडक्यानं कुटलास की साक्षात बरगड्या. आणि उरला तर सूप कर पोराला. कसा आहे गं तो? शाळा काय म्हणते?"

"बरी आहे," ह्येरान म्हणाली, आणि मासे पिशवीत भरताना तिने मान वर केली नाही.

जेहा त्या आठवड्यात शाळेत जात नव्हता. जेवणाच्या रांगेत ग्युवॉन नावाच्या वर्गमित्राने त्याला ढकलले, काही तरी चिडवले, आणि जेहाने त्याला दोन ठोसे मारले. दुसऱ्या ठोशाने ग्युवॉनचा जबडा मोडला. आता शाळेतल्या मारामाऱ्यांचा निवाडा करणारी समिती बसायची होती. जेहाला शाळेतून काढून दुसरीकडे पाठवले, तर तो शेरा त्याच्या दाखल्यावर राहणार होता आणि पुढे विद्यापीठाच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर जाणार होता. ह्येरानचा नवरा उल्सानला जहाजाच्या कारखान्यात होता. त्याने फोनवर एवढेच सांगितले होते, "चांगला माणूस गाठ आणि तो सांगेल तिथे सही कर."

चांगला माणूस म्हणजे पांगसाहेब. अशा समित्यांपुढचे आईबापांचे अर्ज लिहून देण्यात त्यांचा हातखंडा होता. दुपारी त्यांनी मसुदा तिच्यापुढे सरकवला.

"जेहाच्या आई, मधला परिच्छेद नीट वाचा. सगळं वजन तिथे आहे."

तिने वाचले. हिंसक खेळांच्या अतिसेवनामुळे मुलाला खऱ्या-खोट्यातला भेद उरला नव्हता. मध्यरात्रीनंतर मुलांना खेळायला असलेली बंदी सरकारने उठवली; अशा परिस्थितीत नवरा परगावी असलेल्या एकट्या आईने काय करावे?

"समितीतही आईबापच बसतात. गेमचं नाव काढलं की मऊ होतात. प्रत्येकाच्या घरी एक असतोच. शिवाय सरकारवर ढकललं की कोणाला राग येत नाही. सरकार काही तिथं बसलेलं नसतं."

"ग्युवॉन कसा आहे?"

"जबडा तारेनं बांधलाय. नळीतून पेज पितो. ते आपण बोलायचं नाही." पांगसाहेबांनी पेन उघडले. "बरं, तुमचा व्यवसाय?"

"आवाजाचं काम करते. गेमसाठी."

पेन थांबले. "कसल्या गेमसाठी?"

"हाणामारीच्या."

"गृहिणी लिहू," ते म्हणाले.

स्टुडिओत दोगी तिची वाट बघत होता. ध्वनिमुद्रण तो करी, आणि वयाने लहान असल्यामुळे तिला ताई म्हणे. ह्येरानने पहिला मासा लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि दांडक्याचा घाव घातला. कडाड झाले.

"थोडं मोठं, ताई. खेळणाऱ्याला कळायला हवं ना, लागलं म्हणून."

लहानपणी तिची आईही असाच पोलॅक कुटायची. सकाळी अंथरुणात तो आवाज ऐकला, की घरात कोणी तरी आजारी आहे आणि त्याच्यासाठी सूप होणार आहे, हे समजायचे. ह्येरानने दांडके खाली ठेवले. मूठ वळून तिने स्वतःच्या मांडीवर जोरात ठोसा मारला. एक बोथट, कापडात गुंडाळल्यासारखा धप. मांडीतून कळ गेली. यंत्रावरची सुई जेमतेम हलली.

"हे काय?" दोगीने विचारले.

"काही नाही. खरा कसा वाजतो ते बघत होते."

"खरा कोण विकत घेणार, ताई?"

जेहाने जे तिला सांगितले होते, ते तिने अजून कोणालाही सांगितले नव्हते. पांगसाहेबांना तर नाहीच. त्यांनी ते आनंदाने मोठ्या अक्षरांत छापले असते. "आई, पहिल्यांदा मारलं तेव्हा आवाजच आला नाही," जेहा म्हणाला होता. "मला वाटलं, लागलंच नाही."

उरलेले मासे पिशवीत टाकून ती लवकर निघाली. वाटेत तिने ग्युवॉनच्या आजीला फोन केला. त्या घरातली तीच एक बाई तिचा फोन उचलत असे.

"इस्पितळात भेटायला येऊ का?"

"तो तुमचा कागदवाला बरोबर असेल तर नको."

"मी एकटीच. आणि... मुलाला आणलं तर?"

"दाराबाहेर उभा राहू दे. आत नको. माझा नातू त्याला बघून घाबरतो."

घरी जेहाने टेबलावरचा मसुदा वाचून काढला. पंधरा वर्षांचा, बापाच्या उंचीला आलेला मुलगा. बोटांची टोके टेबलाच्या कडेवर घासत बसला.

"हे दिलं तर मला काढणार नाहीत?"

"बहुतेक नाही."

"मग दे ना. खरंच आहे की ते."

"त्यातलं काही खरं आहे." ह्येरान त्याच्यासमोर बसली. "बंदी होती तेव्हा रात्री तू कोणाच्या ओळखपत्राच्या नंबरावर खेळायचास?"

"तुझ्या."

"मीच दिला होता. मी रात्री कामावर असायचे, तू घरात गप्प बसावास म्हणून. आणि त्या खेळातला ठोशाचा आवाज माझ्या हातचा होता. खोटा आहे हे मला ठाऊक होतं. तुला कधी सांगितलं नाही. हे मी समितीला सांगणार आहे, माझ्या कामासकट."

"आई, मग ते मला काढतीलच."

"काढतील कदाचित. पण माझं मी सांगितलं, तरी तुझं उरतं. पहिल्यांदा लागलं नाही असं वाटलं, तर तिथं थांबता आलं असतं. दुसऱ्यांदा का मारलास?"

जेहाची बोटे थांबली. खालच्या मजल्यावर कोणी तरी दार लोटले. तो बोलला तो इतक्या हळू, की आवाजावरच पोट भरणाऱ्या त्या बाईलाही पुढे वाकावे लागले.

"लागावं म्हणून."

ह्येरानने मान हलवली. पेन घेऊन तिने मधल्या परिच्छेदावर पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ मारली, आणि 'गृहिणी' हा शब्द खोडून त्याच्या डोक्यावर आपले काम लिहिले. मग ती उठली आणि पिशवीतून पोलॅक काढला.

पहिला घाव पडताच जेहाने दचकून वर पाहिले.

"हा तर गेममधला..."

"हो. तोच."

दांडके तिने त्याच्या हातात दिले. उरलेले मासे त्याने कुटले. तिने मुळ्याच्या फोडी तिळाच्या तेलावर परतल्या, मासा टाकला, पाणी पांढरे होईपर्यंत उकळू दिले. एरवी घालायची ते अंडे घातले नाही. सगळे सूप तिने फडक्यातून दोनदा गाळले, म्हणजे नळीत काही अडकू नये.

बसमध्ये थर्मास जेहाने मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर, खोलीच्या दाराशी, तो त्याने आईकडे दिला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

आजीने थर्मास उघडून वास घेतला. "पोलॅक?" ती म्हणाली. तिने वाटीत सूप ओतले, फुंकर घातली आणि नळी लावली. खाटेवरच्या मुलाने ह्येरानकडे पाहिले, मग वाटीकडे. ह्येरान माफी मागायला कमरेत खोल वाकली आणि तशीच राहिली.

दार अर्धे उघडे होते. नळीतून सूप ओढल्याचा बारीक, तुटक आवाज येऊ लागला. मध्येच थांबे, तारेमागून श्वास घेतल्याचे ऐकू येई, आणि पुन्हा सुरू होई. बाहेर परिचारिकेने जेहाला बाकावर बसायला सांगितले. त्याने मानेनेच नको म्हटले. नळी वाटीच्या तळाला लागून खरखरेपर्यंत तो जागचा हलला नाही.