प्रश्न उद्भवत नाही

"साहेब आलेत, सरका जरा," तुळजा म्हणाली. ओटीवरच्या बाया सरकल्या, पण एकीनंही पदर सावरला नाही की 'बसा' म्हटलं नाही. केसरीनाथांच्या ते लगेच ध्यानात आलं. आमदारकी केलेल्या माणसाला बाकी काही कळो न कळो, माणसं कशी सरकतात ते बरोबर कळतं.

चंद्रा परवा गेली. काल्हेरच्या गोदामात ती खोकी बांधायला जायची. सकाळच्या शिफ्टला जाताना नाक्यावर रस्ता ओलांडत होती आणि कंटेनरखाली आली. आत तिच्या फोटोपुढे दिवा तेवत होता. नवरा राघो भिंतीला टेकून बसला होता, दाढीचे खुंट वाढलेले.

"कसं झालं रे?" केसरीनाथांनी त्याच्यासमोर बसत विचारलं आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"कसा व्हनार, साहेब?" राघोऐवजी कोपऱ्यातली एक बाई बोलली. "रोजच्यासारखी निंगाली, रोजच्यासारखी धावली. आपुन तवाच रस्त्यावं बसाया पायजे होतं."

"तू गप," तुळजा तिच्यावर उसळली. "साहेबांनी विधानसभेत इचारलाय नाक्यावरल्या पुलाचा. मंत्री काय बोललं, म्हायती हाय ना? प्रश्नच न्हाय! सरकारचं काम हाय, येल लागतो."

केसरीनाथांना घाम फुटला. डोक्यावर पंखा फिरत होता तरी फुटला.

निजामपुऱ्यात लूमवर सुताच्या कांड्या भरणारा हा पोरगा आधी सरपंच झाला, मग जिल्हा परिषदेत गेला आणि जिल्ह्याच्या उत्तर भागातला आमदार झाला. पक्ष त्या भागापुरताच. सगळे आमदार एका जीपमध्ये मावायचे. मंत्रिपद मिळण्याची शक्यता नव्हतीच. मग केसरीनाथांनी प्रश्न विचारायला घेतले. लूमची वीज, खाडीत सुटणारं रंगाचं पाणी, आश्रमशाळेतलं जेवण, काही म्हणून सोडलं नाही. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी ठरलेले शब्द, 'हे खरे आहे काय?' आणि उत्तरंही बहुतेक वेळा ठरलेलीच: 'हे खरे नाही.' त्याखाली, 'प्रश्न उद्भवत नाही.' सुरुवातीला त्यांना या उत्तराचा संताप यायचा. पुढे त्याची घरात थट्टा झाली. बायकोनं 'भात वाढू का' म्हटलं की पोट भरलेले आमदार म्हणायचे, "प्रश्न उद्भवत नाही!"

पुलाचा प्रश्न तुळजामुळे आला. गोदामात जाणाऱ्या बायांना घेऊन ती पुलासाठी नाक्यावर धरणं धरून बसायला निघाली होती. केसरीनाथ स्वतः जाऊन म्हणाले, "थांबा. मी सभागृहात विचारतो." विचारलंही. सरकारचं उत्तर आलं की या ठिकाणी पादचाऱ्यांचे अपघात होतात हे खरे नाही, सबब पादचारी पुलाचा प्रश्न उद्भवत नाही. तुळजाचा फोन आला तेव्हा कागद त्यांच्या हातात होता.

"काय बोललं मंत्री?"

"प्रश्न उद्भवत नाही," त्यांनी सवयीनं शेवटची ओळ वाचून दाखवली.

"म्हंजी प्रश्नच न्हाय! ए बायांनो, झाला आपला काम!"

पलीकडे एकच गलका उडाला. केसरीनाथांनी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण आचारसंहिता लागायला आली होती आणि काल्हेरची मतं डळमळीत होती. ते म्हणाले, "बरं. ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तुळजानं पेढे पाठवले. त्यांनी एक खाल्लाही. निवडणूक ते तरीही हरले. पण काल्हेरच्या बायांनी मतं त्यांनाच दिली होती आणि तेच जास्त बोचत राहिलं. पुढे तुळजा जिथं भेटेल तिथं विचारायची, "साहेब, पूल?" आणि साहेब म्हणायचे, "विचारतो." कुणाला विचारणार होते? ते आता सभागृहात नव्हते. पण खरं सांगायला प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा उशीर झालेला असायचा.

ओटीवर बायांची कुजबुज वाढली. तुळजा एकटीच 'मंत्री हो बोललंय' म्हणत त्यांची बाजू लावून धरत होती, घसा खरवडून. तेवढ्यात राघोनं मान वर केली.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "खरा हाय काय?"

हा प्रश्न केसरीनाथांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. त्यांना कुणी विचारला नव्हता.

"न्हाय, राघो," ते म्हणाले. कित्येक वर्षांत सभेत न वापरलेली घरची बोली आपसूक तोंडात आली. "खरा न्हाय. मंत्री 'न्हाय' बोलला होता. हितं अपघातच व्हत न्हाईत, पूल कशाला, असा बोलला. तुळजाला उलटा समजला. आनि मी... मी तिला तसाच समजू दिला."

कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"फोनवंच म्हायती होतं तुमाला?" तुळजानं विचारलं.

"हो."

"मंग आमी बसलो असतो, साहेब," ती म्हणाली. "आमी तवाच रस्त्यावं बसलो असतो. चंद्राच पयली बसनार होती."

केसरीनाथांना स्वतःची किळस आली. हात जोडले तर तेही मतं मागितल्यासारखं दिसेल, म्हणून ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

दुपारच्या शिफ्टची वेळ झाली. मालक सुतकाची रजा देत नाही. बाया डब्याच्या पिशव्या घेऊन उठल्या. केसरीनाथही उठले. घराघरांतून निघताना म्हणायच्या सवयीनं 'येतो' ओठांवर आलं. दुखवट्याच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. त्यांनी ते गिळलं आणि ते बायांच्या मागोमाग नाक्यावर आले.

ट्रकांची रांग थांबत नव्हती. बाया कडेला खोळंबल्या. केसरीनाथ रस्त्यात उतरले आणि त्यांनी उजवा हात वर केला. सभागृहात अध्यक्ष बघत नसले की ते असाच हात वर करून उभे राहायचे. करकचून ब्रेक लागला.

"ओ चाचा! मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

त्यांनी हात खाली घेतला नाही. बाया त्यांच्या समोरून गेल्या, भराभर, पदर खोचून. एकीनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. तुळजा सगळ्यांत शेवटी होती. ती त्यांच्यापाशी क्षणभर थांबली.

"उद्या सकाली आमी हितं बसतो," ती म्हणाली. "तुमी येऊ नका."

ती पलीकडे गेली. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. केसरीनाथ बाजूला झाले आणि त्यांनी रस्ता मोकळा करून दिला.