गुणगुणीसकट

इनपुट

अँप्लिफायरवर चहाचे ग्लास ठेवले होते. मांडववाल्या कल्पेशच्या तुर्भ्याच्या गोदामात, खुर्च्यांच्या चळतीमागे. भाविकाने ग्लास उचलून खाली ठेवले, कोपऱ्यातला हळदीचा जुना पिवळा डाग पाहिला आणि म्हणाली, "हाच."

"ताई, जुना व्हॉल्व्हचा डबा आहे तो. पोरं स्टूल करून बसतात. ब्लूटूथवाला देऊ का?"

"माझ्या बाबांनी तुझ्या वडलांना विकला होता. परत विकत देतोस का, तेवढं बोल."

"भंगाराच्या भावात ने. पण हळदीला बोलवायचं."

व्हॉल्यूम

आता जरा मोठ्याने, म्हणजे सगळ्यांना कळेल.

हा मुळात गिटारचा अँप्लिफायर. कुण्या खलाशाने गोदीत विकलेला. बोनकोड्याच्या रोहिदासने त्याला आपला बेंजो जोडला आणि तीस वर्षं गावोगावच्या हळदी गाजवल्या. शेजारी, डाव्या हाताला, बायको जमुना. ती धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. तिच्याशिवाय मांडवात पान हलायचं नाही. मग डीजे आले, अँप गेला. दोन वर्षांपूर्वी जमुनाही गेली आणि बेंजो कपाटावर चढला. तेव्हापासून रोहिदास रोज संध्याकाळी नाक्यावर, विजेच्या डीपीशेजारच्या कट्ट्यावर बसतो. "बाबा, देवळाजवळ बसा, तिथं वारा तरी असतो," असं सांगून सांगून भाविका थकली.

येत्या रविवारी भाविकाची हळद. तिला दागिना नको होता, डीजे नको होता. बाबांनी वाजवायला हवं होतं.

ट्रेबल

हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले. मागची फळी उघडून म्हणाले, "उंदराचा संसार झालाय की गं इथं. भाडंबी न देता!"

चार दिवस भाविका ऑफिसातून थेट त्यांच्याकडे. तिने बॅटरी धरली, व्हॉल्व्हच्या पायांवरचा गंज काढला, स्पीकरच्या फाटक्या कागदाला पातळ कापड चिकटवलं. फुगलेले कंडेन्सर हौसेरावांनी बदलले आणि जुने पिशवीत घालून तिच्या हातात दिले. "काढलेला माल गिऱ्हाइकाला द्यायचा. आमच्या धंद्याची रीत हाय."

बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. स्पीकरला कान लावून हौसेराव खुश. "ऐक! हम, म्हंजी ती गुणगुण, नावाला न्हाई."

बास

(या बटणाची टोपी हरवली आहे. ती काही सापडली नाही.)

स्टँडबाय

रोहिदासने अँपच्या पाठीवरून हात फिरवला, बैलाच्या फिरवावा तसा. बेंजो मांडीवर घेतला. किल्ली पिळली, सोडली. पुन्हा पिळली.

"चालू कर ना गो."

"चालूच आहे, बाबा."

"मंग बोलत का नाय?"

"गुणगुण सगळी काढून टाकली. नव्यासारखा झालाय."

रोहिदासने बेंजो खाली ठेवला. "त्या गुनगुनीवर तुजी आई सूर धरायची. तिच्यावर मी तारा लावायचो. पेटी कवा लागली नाय आमाला. आता कशावर लावू?"

चपला घालून तो निघून गेला.

भाविका मागोमाग नाक्यावर गेली. कट्ट्यावर शेजारी बसली. रिक्षा गेल्या, भाजीवाला गेला. मधेच रस्ता रिकामा झाला आणि तिला ऐकू आलं. डीपी घुमत होता. जाड, सलग, न थांबता. बाबांचं बोट मांडीवर हलत होतं.

किती वेळा तिने त्यांना इथून उठवलं होतं!

"आईचा सूर?"

"आयक गप," रोहिदास म्हणाला.

पॉवर

"जन्मभर हम काढला," हौसेराव म्हणाले. "घालून द्या म्हणून आलेली तूच पयली."

भाविकाने जुन्या कंडेन्सरांची पिशवी पुढे केली.

"ते फुटतील. त्यापरीस नव्यातला एक काढून धाकटा बसवतो, गुणगुणायला लागंल."

"पण तोच सूर येईल?"

"दुसरा येतोय कुठनं? त्यो डब्याचा न्हाई पोरी, लायटीचा हाय. डीपीत त्योच, फ्रीजमधीबी त्योच."

रविवारी मांडवात अँप चालू झाला तसा कल्पेश जेवणाचं ताट घेऊनच धावत आला. "ताई, हम मारतोय! वायर काढू?"

"हात लाव, अशीच हळदीतून उठून येईन," पाटावरून भाविका ओरडली. बायका हसल्या.

रोहिदासने कान दिला. मग मान खाली घालून ऐकत राहिला. भाविकाच्या गालावरची हळद वाळायला लागली. कुणीतरी "काका, होऊ दे" म्हणालं, त्याला कुणीतरी गप्प केलं.

सतरंजीवर रोहिदास डाव्या बाजूला थोडी जागा करून सरकला आणि तारा लावायला घेतल्या.