नागोजीस्वामींचं रक्ताळलेलं लिंबू

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वसंतरावांच्या हॉलात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध नागोजीस्वामी बसले होते. त्यांनी सुरी फिरवली आणि लिंबातून लालभडक थेंब ठिबकले. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"पाहिलें? अस्का, अगदी सगळा रोग ह्या लिंबांत उतरला," स्वामी तंजावरी मराठीत म्हणाले. "आतां सुई नको, डॉक्टर नको. पहाटे लिंबाचें पाणी घ्या, झालें."

या मराठीनेच घात केला होता. दिवसभर तमिळ ऐकून दमलेल्या या मंडळींना चेन्नईत कुणी मराठी बोललं की तो घरचाच वाटे, आणि घरच्या माणसाकडे पुरावा कोण मागतो? फॅक्टरीतला कागद चारचारदा तपासून सही करणारे वसंतराव, मधुमेही असून, पंधरवडाभर इन्सुलिनला शिवले नव्हते. तळपायाची जखम काळी पडत चालली होती.

त्यांची बायको विद्युलता शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं भांडून झालं, रडून झालं. पाय कापावा लागेल या धास्तीने तिचा डोळा लागत नव्हता. आज मात्र ती गप्प बसून सुरीकडे बघत होती. लिंबं तिनेच बाजारातून आणलेली. सुरी तेवढी स्वामींची, आणि ती ते कुणाच्या हाती देत नव्हते.

तिने स्वयंपाकघरातून विळी आणली आणि दुसरं लिंबू चिरलं. रस रोजच्यासारखाच, फिकट.

"बाईच्या हातीं दैवत येत नाहीं," स्वामी घाईघाईने म्हणाले.

"येईल की, जरा दम धरा." तिने पूजेच्या तबकातलं तांबडं जास्वंद उचललं, विळीच्या पात्यावर खसखसून चोळलं, रस वाळू दिला आणि तिसरं लिंबू चिरलं. लाल थेंब टपटप पडले.

सगळ्यांच्या नजरा स्वामींच्या सुरीकडे वळल्या. स्वामींना एकाएकी लोकलची वेळ आठवली.

"जास्वंदीच्या रसाला लिंबाचं आम्ल लागलं की तो लाल होतो, माझी शाळेतली पोरं रोज करतात हे," विद्युलता म्हणाली. "लिंबू गुणाचंच आहे. रसमात पिळा, पोह्यांवर पिळा, लोणचं घाला, त्यातलं क जीवनसत्त्व अंगी लागेल. पण इन्सुलिनचं काम ते करणार नाही. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तो आपल्या घरच्या विळीवर करून बघा."

"पण माणूस आपला वाटला गं," वसंतराव पुटपुटले.

"आणि मी कोण?" विळी मिटत ती म्हणाली. "इतके दिवस मीही मराठीतच सांगत होते."

वसंतराव खाली मान घालून पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रिक्षा बोलाव. दवाखान्यात जाऊ."