डबा टीव्हीवरची बदकं

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. खरंच आहे ते, पण या डिसेंबरात ती जरा जास्तच फिरली. आणि कशासाठी, तर बदकांसाठी. तीसुद्धा टीव्हीवरच्या.

ऑगस्टमध्ये माझ्या वडिलांना, म्हणजे पप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं लवकर परत आलं, काठी घेऊन चालायलाही लागले, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. मोहने गावातल्या चाळीत ते एकटे राहायचे. आता ते शक्यच नव्हतं, म्हणून मी त्यांना कोपरला आमच्या घरी आणलं. फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या दीप्तीने मला लिफ्टपाशी गाठून सांगितलं, "स्वप्नाताई, हात येऊ शकतो. पण हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे. आत्ता त्यांनी स्वतःहून उचलला नाही ना, तर मग कठीण आहे. त्यांना आवडेल असं काहीतरी करायला लावा."

आवडेल असं म्हणून आधी कॅरम आणला. समोर बसला माझा नवरा, प्रशांत. माणूस मनाने सोनं, पण अभिनयात शून्य. भोकापासून दोन बोटांवरची सोंगटी सोडून तो मुद्दाम भलतीकडेच मारायला लागला. पप्पांनी तिसऱ्या डावाला बोर्ड बाजूला सरकवला. "जावईबापू, मी आजारी आहे. खुळा नाही."

त्या दिवसापासून त्यांचा कशावरच विश्वास राहिला नाही. दीप्ती "छान, काका" म्हणाली की ते माझ्याकडे बघायचे, हिला हे कोणी पढवलं म्हणून. मला अशा वेळी फार चीड येते. खरं बोलावं तरी खोटं ठरतं.

मग मला आमच्या जुन्या व्हिडिओ गेमची आठवण झाली. मोहन्याच्या खोलीतल्या माळ्यावर तो अजून होता. त्या यंत्राचा इतिहास काही धड नाही. परदेशातल्या कुठल्या तरी मशीनची नक्कल, बहुतेक त्या नकलेचीही नक्कल. खोक्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम आणि आत तेच ते सात, नावं बदलून. अ‍ॅडॉप्टर इतका तापायचा की आई त्याच्याखाली फरशीचा तुकडा ठेवायची. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत खोचायची. चाळीत अस्सल मशीन कोणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आपलं नकली आहे हे कळायलाही काही मार्ग नव्हता. आता याला रेट्रो म्हणतात आणि हौशी लोक ते काचेच्या कपाटात ठेवतात. आमच्याकडे मात्र त्याला जराही आराम नसायचा.

त्यातला बंदुकीचा गेम पप्पांचा. कंपनीतली पहिली पाळी संपवून यायचे आणि खुर्चीत बसायचे. डाव्या हातात चहा, उजव्या हातात ती राखाडी प्लॅस्टिकची बंदूक. गवतातून बदकं उडायची आणि पप्पा ती पाडायचे. बशीत थेंब सांडायचा नाही. दारात अख्खी चाळ उभी असायची.

मी उत्साहाच्या भरात आमच्या मोठ्या एलईडी टीव्हीला पिना खोचल्या आणि बंदूक त्यांच्या हातात दिली. आणि खरंच, कोणी न सांगता त्यांनी हात उचलला! थरथरत का होईना, पार खांद्यापर्यंत. मला तर उडी मारावीशी वाटली. त्यांनी घोडा दाबला. बदक तसंच उडत गेलं. परत दाबला. परत गेलं. मी मागून "मारा, मारा" करत होते. प्रत्येक फेरीनंतर गवतातून तो कुत्रा वर यायचा आणि तोंडावर पंजा धरून हसायचा. शेवटी पप्पांनी बंदूक मांडीवर ठेवली.

"गेला," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"हात."

दुसऱ्या दिवशी दीप्ती आली तर त्यांनी हात शालीखाली घेतला तो बाहेर काढलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ते झोपले असताना मी स्वतः मारून बघितलं. बंदूक पार पडद्याला चिकटवली, तरी एक बदक पडेना. ऑफिसात डबा खाताखाता शोधलं तेव्हा एका हौशी पोराच्या व्हिडिओत कळलं की ही बंदूक काही सोडत नाही, ती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड टिपते. नवे टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतात. तेवढ्यात बंदुकीची वेळ टळून जाते. हा गेम जुन्या डबा टीव्हीवरच चालतो.

मी धावत घरी आले. "पप्पा, तुमचा नेम चुकलेला नाही! टीव्हीची चूक आहे."

"हो का?" पप्पा म्हणाले. "आणि कॅरमच्या वेळी बोर्डाची होती?"

झालं. आता डबा टीव्ही मिळवल्याशिवाय माझं ऐकणार कोण? डोंबिवलीतली दुरुस्तीची दुकानं झाली. ठाण्याला खोपटच्या डेपोजवळ एकाकडे आहे म्हणून ऑफिस सुटल्यावर तिकडे पळाले, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही लेट आलात. सगळा माल भंगारात गेला." सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, लोकांनी हसऱ्या तोंडाची चित्रं पाठवली. इकडे पप्पांचा हात रोज शालीखालीच असायचा. महिने सरत होते. प्रशांत म्हणाला, "अगं, बस की जरा." मी म्हटलं, "तू बस." जेवतसुद्धा मी उभ्याउभ्याच होते.

आणि मग मीराबाईंचा फोन आला. मीराबाई म्हणजे मोहन्याला पप्पांच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून. "जगनभाऊ कसे आहेत?" म्हणून पप्पांची चौकशी करत होत्या आणि मागे मालिका कर्कश वाजत होती.

"मावशी, टीव्ही कुठला आहे तुमचा?"

"कुठला म्हंजे? तोच आपला, डबा."

"मला द्याल?"

"आणि मी शिरेल काय भिंतीवर बघू? टीव्ही हलायचा नाही. जगनभाऊंना घेऊन ये. रविवारी सुकट-भाकरी करते."

सुकटीच्या नावावर पप्पा तयार झाले. मीराबाईंच्या खोलीत जेवणं झाली, जुन्या गप्पा झाल्या. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, विणलेलं कव्हर पांघरून टीव्ही बसला होता. मी पिशवीतून गेम काढला तसा पप्पांचा चेहरा उतरला.

"याच्यासाठी आणलंस होय मला?"

"हो, याच्यासाठीच," मी म्हटलं. "एकदा मारा. नाही पडलं तर गेमचं नाव काढणार नाही, आणि हाताचंही नाही."

बोलून गेले आणि लगेच टीव्हीला पिना खोचायला लागले.

"मारा की, जगनभाऊ," मीराबाई म्हणाल्या. "शिरेल लागायच्या आत मारा."

पप्पांनी उजव्या हातात बंदूक घेतली. मनगटाखाली डाव्या हाताचा आधार दिला आणि उचलली. पहिलं बदक गेलं. दुसरंही गेलं. कुत्रा हसून गेला. मी पदर नसताना पदर शोधत होते, डोळे झाकायला. मग तिसरं बदक डावीकडून वर चढलं, पप्पांनी घोडा दाबला आणि ते फडफडत खाली आलं. त्याच्या मागचंही आलं. त्याच्या पुढचंही. मीराबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मी सरळ रडायलाच लागले.

पप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे कॅरमच्या वेळी बघितलं होतं तसं बघितलं.

"काय सेटिंग केलंस?"

"पप्पा, कसलं सेटिंग?"

"तिकडे एक पडत नव्हतं, इथे लागोपाठ पडतायत. कुठेही मारलं तरी पडतं, असं काहीतरी करून आणलंयस."

मी परत उजेड, पांढरा चौकोन, नवा टीव्ही असं सांगायला लागले. जितकं सांगावं तितकं ते थापेसारखं वाटत होतं. माझा आवाज चढला, मग फुटला.

पप्पांनी मला हातानेच थांबवलं. टीव्हीवर नवी बदकं उडाली होती. पप्पांनी बंदूक तिकडे रोखलीच नाही. ती वळवली, वर नेली आणि थेट छताच्या पंख्यावर धरून घोडा दाबला. बदकं उडतच राहिली. परत दाबला. परत. सगळी बदकं पडद्याबाहेर निघून गेली. गवतातून कुत्रा वर आला आणि पंजा तोंडावर धरून हसला.

पप्पा त्या कुत्र्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मघाची..." ते म्हणाले.

"तुमचीच," मी म्हटलं.

"मघाची माझी." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मीराबाई, मघाची माझी हो."

"मग काय माझी?" मीराबाई म्हणाल्या.

पप्पा हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बंदूक अजून पंख्यावरच रोखलेली होती. डोळे पुसत होता तो डावा हात.