दोन शून्याचा छर्रा

नेल्डा प्रॅटरला आपला सल्ला पटला तर पदरात काय काय पडेल, याचा हिशेब ऑर्व्हिल टॅकेटने काउंटरला कोपर टेकवता टेकवताच मांडून टाकला. जमेला रविवारचं जेवण, म्हणजे तळलेली कोंबडी, घेवड्याचं कालवण आणि लोखंडी तव्यातली मक्याची भाकरी. शिवाय तिच्या स्वयंपाकघरातली खिडकीजवळची खुर्ची, जी तिचा नवरा अर्ल प्रॅटर वारल्यापासून रिकामीच होती. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे नावाला चिकटलेलं 'भाऊ' गळून पडणं. खर्चाला काय, तर तोंडाची वाफ. केंटकीच्या त्या डोंगरकपारीत सल्ल्याला कुणी पैसे लावत नाही.

'भाऊ'चं दुखणं जुनं होतं. चर्चमध्ये सगळे एकमेकांचे बंधू नि भगिनी. ही रीत बाकीच्यांना सोयीची होती. पण जिच्या खुर्चीवर आपला डोळा, तिनेच सगळ्यांदेखत "कसं काय, ऑर्व्हिलभाऊ?" म्हणावं! बिचाऱ्याची दर रविवारी भाऊबीज व्हायची, आणि तीही बिनजेवणाची.

तर त्या दिवशी नेल्डा ड्यूई कोम्ब्सच्या दुकानात आली. खिळे, गळाला लावायची गांडुळं, काडतुसं, जे मागाल ते तिथे मिळायचं.

"ड्यूईभाऊ," ती म्हणाली, "बारा बोअरच्या बंदुकीची कोणती काडतुसं लोक घरासाठी पसंत करतात हो?"

ड्यूईने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या काउंटरचे दोन अलिखित नियम होते. ड्यूईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ड्यूईने द्यायचं नाही, हा पहिला. आणि उत्तर देणाऱ्याने उलटून काही विचारायचं नाही, हा दुसरा. कारण विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नसल्याची कबुली. शिवाय गेल्याच आठवड्यात वरच्या वस्तीवरच्या बंद घरातले तांब्याचे पाइप चोरांनी उपटून नेले होते. बाई एकटी, चोर मोकाट. आणखी काय विचारायचं?

"पाखरांचे छर्रे," ऑर्व्हिल म्हणाला. "आठ नंबर. डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटूनच घ्यावे लागतील," मागून आवाज आला. हॉबर्ट स्लोन गांडुळांचे डबे बाजूला सारत पुढे आला. ऑर्व्हिलसारखा हाही विधुर, आणि याचाही डोळा खिडकीजवळच्या खुर्चीवरच. "पाखरांच्या छर्र्यांनी चोर मरत नाही, नेल्डाबाई, नुसता चिडतो. हरणाचे घ्या. दोन शून्य."

"शून्य?" नेल्डा म्हणाली. "म्हणजे अगदी बारीक का?"

"उलट आहे बाई या धंद्यात," ड्यूईने संधी साधली. "आकडा वाढला की माल घटतो. आठ नंबर म्हणजे मोहरी. दोन शून्य म्हणजे वाटाणा."

"आणि महाग कोणता?"

"वाटाणा."

नेल्डाने मान डोलावली. बाजारात भाव ऐकून घेताना डोलावतात तशी. पण तिकडे बघतो कोण? काउंटरवर आता लढाई पेटली होती.

"यांच्या घरातल्या भिंती बघितल्यास का तू?" ऑर्व्हिल म्हणाला. "दोन पातळ जिप्समचे बोर्ड नि मध्ये हवा. एका खोलीत शिंकलं तर तिसऱ्या खोलीतून 'देव भलं करो' ऐकू येतं. तुझा वाटाणा चोराला लागला तर लागला, नाही तर भिंत जाईल, मागची भिंत जाईल, आणि शेजाऱ्याची म्हैस जाईल."

"शेजाऱ्याकडे म्हैस नाही."

"गेली म्हणूनच नाही!"

"बायबलात वाचलंस का हे?"

"थांबा," ऑर्व्हिल म्हणाला, आणि इथेच त्याच्या हिशेबात खर्चाची पहिली रक्कम पडली. "बोलून काय उपयोग? करूनच दाखवतो. गुरुवारी दुपारी माझ्याकडे या. भिंती मी उभ्या करतो, मोहरी मी झाडतो, वाटाणा हॉबर्ट झाडेल. नेल्डाबाईंनी फक्त सावलीत बसून बघायचं."

ड्यूईने जिप्समचे बोर्ड, फळ्या आणि खिळे उधारीवर नाही, रोख दिले. ड्यूई प्रेमाच्या बाबतीत कुणाला उधार देत नसे.

गुरुवारी ऑर्व्हिलच्या मागच्या आवारात दोन नकली भिंती उभ्या राहिल्या. खरं तर त्यांची तोंडं टेकडीकडे हवी होती. मागे नुसती माती असली की गोळी कुठे जाईल याची चिंता नसते, हे त्या गावात रांगतं पोरही जाणतं. ऑर्व्हिलही जाणत होता. पण टेकडीकडे तोंड केलं असतं तर नेल्डाची खुर्ची उन्हात आली असती. म्हणून त्याने भिंती लाकडी खोपटापुढे मांडल्या. खोपटाच्या फळ्या जाड होत्या. आत काय आहे, हे तोवर त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं. डोक्यात तळलेली कोंबडी असली की दुसरं काही मावत नाही.

तिघांच्या कानांत बोळे. पहिला बार ऑर्व्हिलचा. पाखरांचे छर्रे पहिल्या भिंतीतून गेले आणि दुसरीत अडकून बसले.

"बघा!" तो म्हणाला. "शेजारी झोपलेलाच आहे!"

"चोरही झोपलेला आहे," हॉबर्ट म्हणाला. "अजून घोरतोय." आणि त्याने खांद्याला बंदूक लावली.

दोन शून्याने पहिली भिंत ओलांडली, दुसरी ओलांडली, खोपटाची फळी ओलांडली. नंतर खोपटातून एक लांबलचक सुस्कारा ऐकू आला, "सूंऽऽऽ", जसा म्हातारा बैल बसताना टाकतो. मग काहीतरी घरघरलं, आचका दिला आणि थंड झालं. खरं म्हणजे गरम व्हायला लागलं.

"तिथे काय होतं?" नेल्डाने विचारलं.

ऑर्व्हिलचा चेहरा जिप्समसारखा झाला. "माझा मांसाचा फ्रीज."

"आणि फ्रीजमध्ये?"

"गेल्या हंगामातली दोन हरणं."

हॉबर्टने बंदुकीची नळी खाली वाकवून रिकामं काडतूस काढलं, टोपी हातात घेतली आणि कबूल केलं, "तुझंच खरं निघालं, ऑर्व्हिल. म्हैस गेली."

वाद असा पूर्णपणे जिंकलेला माणूस इतका पडलेला कुणी पाहिला नसेल. नेल्डा मात्र उठली, बाह्या वर केल्या आणि खोपटात शिरली. "हे काही टिकायचं नाही. माझ्या गाडीत भरा. रविवारच्या चर्चच्या जेवणाला तिखट घालून सगळं शिजवून टाकते."

"आणि काडतुसं?" ऑर्व्हिलने शेवटची आशा धरून विचारलं. "कोणती घेणार, ठरलं का?"

"घेणार?" नेल्डा थांबली. "मी कशाला घेऊ? मला विकायची आहेत. अर्लने तळघर भरून ठेवलंय. शनिवारी अडगळ अंगणात मांडतेय ना, तेव्हा कोणत्या खोक्यावर काय भाव लिहावा, एवढंच ड्यूईभाऊंना विचारायला आले होते. बंदूक तर मी अर्लच्या पुतण्याला केव्हाच दिली."

"मग चोर आला तर?" हॉबर्ट म्हणाला.

"माझ्या गिनी कोंबड्या आहेत की, परका दिसला की गाव डोक्यावर घेतात. पोस्टमन अजून फाटकाबाहेरून पत्रं भिरकावतो."

"पण मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"विचारलंत कुठे?" नेल्डा म्हणाली. "आणि तुम्ही इतकं छान भांडत होतात, की मध्ये बोलायचं जिवावर आलं."

शनिवारी नेल्डाच्या अंगणात निम्मं गाव लोटलं. गुरुवारची गोष्ट गावभर झालीच होती, त्यामुळे दोन शून्याची खोकी सकाळीच उडाली. फ्रीज मारणाऱ्या काडतुसाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पाखरांच्या खोक्यांकडे मात्र कुणी ढुंकून बघेना. ऑर्व्हिल दुपारपर्यंत जुन्या इस्त्र्या उलटसुलट करत राहिला. शेवटी स्वतःचं तत्त्व असं उन्हात पडलेलं त्याला बघवेना, आणि त्याने सगळी खोकी विकत घेतली.

"थोडं कमी करू का, ऑर्व्हिलभाऊ?" नेल्डाने विचारलं.

"नको," तो म्हणाला. 'भाऊ' या एका शब्दाने त्याची सगळी खोकी जड झाली.

रविवारी चर्चच्या तळघरात लांब टेबलं लागली. हरणाचं मांस, घेवडा आणि तिखट घातलेला मोठा हंडा आला, आणि लोक असे तुटून पडले की पाद्रीबुवांनी प्रार्थना आटोपती घेतली. नेल्डाने ऑर्व्हिलला आपल्या शेजारी बसवलं. मांस त्याचं, तेव्हा एवढं तरी करायलाच हवं, असं ती म्हणाली. त्याने पहिला घास घेतला. स्वर्ग. दुसरा घेतला.

कडाक्!

सगळं टेबल वळलं.

"अरे देवा! ऑर्व्हिल, थुंका ते! थुंका आधी!" नेल्डाने त्याच्या हनुवटीखाली स्वतःचा हात धरला.

थाळीत टण्णकन एक वाटाणा पडला. त्यामागून दाताचा तुकडा.

"दोन शून्य," ड्यूई वाकून म्हणाला. "आठ नंबर असता तर गिळून गेला असता."

"तुझा छर्रा," ऑर्व्हिल तोंडावर रुमाल धरून हॉबर्टला म्हणाला. "दाताचे पैसे तू भर."

"छर्रा माझा," हॉबर्टने कबूल केलं, "पण फ्रीज तुझा, हरीण तुझं, भिंती तुझ्या, आणि दातही तुझाच. पाऊण बिल तरी तुझ्याच खात्यावर!"

"भांडू नका," नेल्डा म्हणाली. "ऑर्व्हिल, उद्या डॉक्टरकडे मी नेते तुम्हाला. आणि दात बसेपर्यंत रोज मऊ काहीतरी करून देईन. खिडकीजवळ बसा नि खा."

ऑर्व्हिलने जीभ तुटक्या दातावरून फिरवली आणि मनातल्या मनात वही उघडली. ड्यूईला बोर्ड नि खिळ्यांचे मिळाले. नेल्डाचं तळघर रिकामं झालं. मंडळी दोन हरणं खाऊन ढेकर देत होती. हॉबर्टला बोलायला जन्मभराचा विषय मिळाला, आणि दाताच्या डॉक्टरला सोन्याचा एक दात बसवायचं काम. फ्रीज, मांस, भिंती, न खपलेली काडतुसं आणि दात, सगळं त्याने एकट्याने भरलं होतं. पण 'थुंका' म्हणताना तिने 'भाऊ' गिळला होता, आणि नंतरही तो परत बाहेर काढला नव्हता. खालची रेघ ओढून त्याने पुन्हा एकदा बेरीज केली, आणि जणू दुकानदारालाच फसवून स्वस्तात माल आणलाय, अशा आनंदात फुटक्या तोंडाने हसला.